राणीच्या बागेचा जमाखर्च

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. सूनबाईंचा आग्रह होता, "आई, यातलं ठेवायचं ते ठेवा, बाकीचं रद्दीत जाऊ दे." पेटीत शाळेतल्या जुन्या वह्या, दोन तुटके नकाशे आणि एक शिट्टी होती. त्यातच लाल कापडी बांधणीची एक वही निघाली. वर माझ्याच अक्षरात "सहल : जमाखर्च". १९८३ चं पान उघडलं आणि आवराआवर तिथंच थांबली.

पान असं आहे. इयत्ता सहावी ब. मुलं ४३. स्थळ राणीची बाग. वर्गणी प्रत्येकी एक रुपया. जमा रुपये चोवीस. खर्चाच्या बाजूला केळी, कुरमुरे, शेंगदाणे आणि एका मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यासाठी आयोडीनची बाटली.

मुलं त्रेचाळीस आणि रुपये चोवीस. उरलेल्या एकोणीस जणांपुढे मी काहीच लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि आमची शाळा गिरणगावातली. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील कामगार. पहिले काही महिने उसनवारीवर निघाले, मग घरातली भांडी बाहेर जाऊ लागली, मग काही मुलं गावी गेली ती परत आलीच नाहीत. एरवी आमची सहल कार्ल्याला नाहीतर घारापुरीला जायची. त्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सहल रद्द करू या." मी म्हटलं, "रद्द कशाला? चालत राणीच्या बागेत नेते."

तर आम्ही चालत गेलो. लालबागवरून चिंचपोकळी, तिथून भायखळा, दोन-दोनच्या रांगेत. माकडं पाहून झाली, हत्ती पाहून झाला, आणि गोरखचिंचेच्या त्या अवाढव्य खोडाभोवती आठ मुलांनी हात धरून पाहिले. मग केळी वाटताना खिडकीजवळ बसणारी एक मुलगी मला विचारते, "बाई, ही बाग कोणाची?"

मी सवयीनं म्हटलं, "आपली."

"आपली कशी? आम्ही तर काहीच दिलं नाही."

ती त्या एकोणीस जणांतली होती.

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक स्वराज्य संस्था असतात, म्हणून त्या दिवशी मला एक उत्तर सुचलं. मी तिला जकात सांगितली. मुंबईच्या हद्दीत येणाऱ्या मालावर महापालिका जकात घेते, तो व्यापारी ती किमतीत मिळवतो, म्हणजे तुझी आई काड्यापेटी घेते, वाण्याकडून तांदूळ घेते, तेव्हा त्यातला एखादा पैसा पालिकेकडे जातो. त्या पैशातून माळ्याचा पगार निघतो आणि हत्तीचा चाराही. "म्हणजे आईनं आधीच दिलेत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, आधीच दिलेत." मग तिनं दुसरं केळं घेतलं.

उत्तर चुकीचं नव्हतं, पण पुरं नव्हतं. बाग कोणाची, हा प्रश्न पुढं माझ्या डोक्यात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं थोडं थोडं वाचत गेले. तेव्हा लक्षात आलं, की राणीच्या बागेचा सगळा इतिहास हा या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे. तो आज सांगते. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीनं पेंग्विन पाहिलेत, त्यांनीही वाचावा.

ही गोष्ट भायखळ्याला नाही, शिवडीला सुरू होते. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत 'अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची एक सभा होती. नाव भारदस्त, काम साधं. शेतीबागायतीची आवड असलेली साहेब मंडळी आणि काही एतद्देशीय शेटमंडळी वर्गणी काढून परदेशातली झाडं आणत, इथं रुजवत. १८३५ मध्ये सरकारनं या सभेला शिवडीला जागा दिली आणि तिथं वनस्पतींची बाग उभी राहिली. पंचवीस-एक वर्षं ती चालली. मग सरकारला ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा हवी झाली आणि नेमकी हीच जागा डोळ्यात भरली. आज शिवडीची जी दफनभूमी आहे तिथं एकेकाळी ही बाग होती. सरकारनं दिलेली जागा सरकार परत घेऊ शकतं, हा धडा सभेला पहिल्याच वेळी मिळाला.

बदल्यात भायखळा-माझगावच्या बाजूला 'माउंट इस्टेट' म्हणून ओळखली जाणारी जागा मिळाली. ३३ एकर. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी त्याचं सरळ मराठी करून टाकलं, राणीची बाग. नंतर कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. गंमत अशी, की जिजाऊंनाही राणी म्हणायला कोणाची हरकत नसल्यामुळे जुनं नाव लोकांच्या तोंडी आजही सुखानं नांदतंय.

१८६२ हे साल मी वर्गात फळ्यावर नेहमी ठळक लिहायची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाशिवाय गत्यंतर उरलं नाही. मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडला. शहरात जे जे भव्य दिसतं त्यातलं बरंचसं या चार-पाच वर्षांत कागदावर आलं. बागेलाही या पावसाचं पाणी मिळालं. डेव्हिड ससून यांनी राणीच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा, संगमरवरी पुतळा दिला. त्यांच्याच नावाचा घड्याळाचा मनोरा १८६५ चा. शेजारी वस्तुसंग्रहालय बांधायला घेतलं, तेही लोकवर्गणीच्या भरवशावर. त्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड ही माणसं पुढं होती. इमारतीची कोनशिला १८६२ मध्येच बसली.

इथं जरा थांबून विलायतेकडे पाहू, कारण बाग चालवायची कशी याचे नमुने या मंडळींपुढे तिकडचेच होते. एक नमुना लंडनच्या व्हॉक्सहॉलचा. ती खासगी बाग. दारात एक शिलिंग द्या आणि आत या. आत दिवे, वाद्यवृंद, आतषबाजी, फुगे. शंभरावर वर्षं लंडनकर तिथं मजा करायला गेले. पण रोज काहीतरी नवं दाखवल्याशिवाय तिकीट खपत नाही, आणि नवं दाखवायचा खर्च वाढतच जातो. १८५९ मध्ये ती कायमची बंद पडली आणि त्या जागेवर घरं उठली. दुसरा नमुना बर्कनहेडचा. तिथल्या शहर समितीनं जमीन घेतली, मधे बाग केली आणि भोवतालचे भूखंड घरांसाठी विकून खर्च वसूल केला. १८४७ मध्ये ती सर्वांना फुकट खुली झाली. तिसरा नमुना सभासदांच्या वर्गणीचा आणि दात्यांच्या देणगीचा. राणीच्या बागेनं सुरुवातीला हा तिसरा रस्ता धरला.

त्या रस्त्याचं पुढं काय झालं ते एका सालात सांगता येतं, १८६५. अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले आणि त्या भावांवर उभारलेल्या कंपन्यांचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरनं भल्याभल्यांना रस्त्यावर आणलं, बँक ऑफ बॉम्बे पुढं गुंडाळावी लागली. डॉ. भाऊ दाजींचंही त्यात फार मोठं नुकसान झालं. नाना शंकरशेट त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वारले. वर्गणी देणारे हातच आखडले. संग्रहालयाची इमारत रखडली, ती सरकारनं हात दिल्यावर २ मे १८७२ ला एकदाची उघडली. आणि सभा? ती टिकली नाही. १८७३ मध्ये बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे गेली.

मला या प्रसंगात दात्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी दिलं म्हणून मनोरा उभा आहे. पण दाता घड्याळ देतो, घड्याळाला रोज चावी देणाऱ्याचा पगार देत नाही. पुतळ्याखाली नाव कोरता येतं, पाण्याच्या पखालीवर कोरता येत नाही. आणि बागेचा खरा खर्च असतो तो हाच. रोजचं पाणी, माळ्यांची मजुरी, खत, कुंपणाची डागडुजी, जनावरं असली तर चारा. हा खर्च एक दिवस चुकला तर कोणाला कळत नाही, एक उन्हाळा चुकला तर बाग जाते. घरसंसाराचंही असंच असतं. लग्नात चांदीची ताटं देणारे पुष्कळ भेटतात, रोजच्या भाजीचे पैसे देणारा एकच असतो.

१८७३ हेही साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८७२ च्या कायद्यानं मुंबईला पहिल्यांदा लोकनियुक्त म्हणता येईल अशी नगरपालिका मिळाली. ६४ सभासद, त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडलेले. आधीचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारलं खरं, पण खर्च एवढा केला, की करदाते खवळले आणि त्या चळवळीतूनच हा कायदा आला. म्हणजे बघा, करदात्यांच्या पै-पैवर डोळा ठेवायला जी सभा जन्माला आली, तिच्याच ओट्यात जन्मतःच ही बाग पडली. तीही अशी बाग, की जिच्यातून उत्पन्न नाही.

पुढं १८८८ चा महापालिका कायदा झाला. त्यात पालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं एका कलमात आणि वाटलं तर करावीत अशी दुसऱ्या कलमात. गटारं, पाणी, रस्ते, दिवे ही पहिल्यात. बागा दुसऱ्यात! नागरिकशास्त्र शिकवताना या दोन याद्या मी मुलांकडून पाठ करून घ्यायची, पण ऐच्छिक या शब्दाचा अर्थ मला फार उशिरा कळला. पैशाची ओढाताण झाली, की आधी कात्री लागते ती ऐच्छिकला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा शहराच्या तिजोरीपुढे कोणते प्रश्न उभे राहिले असतील याची कल्पना करा. त्या काळात फुलझाडांना पाणी घालायचं ठरवणं सोपं नव्हतं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं, १९९२ मध्ये, बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं शहरांच्या कामांमध्ये लिहिली गेली, तेव्हा कुठं कागदावर तरी त्यांचा मान वाढला.

आणि तरीही पालिकेनं बाग चालवली, एवढंच नाही तर वाढवली. १८९० मध्ये आणखी १५ एकर जोडून प्राणिसंग्रहालय केलं. बँडस्टँड होताच. आता वाघ-सिंहही आले. शहरातल्या माणसाला नुसती झाडं पुरत नाहीत, त्याला करमणूक लागते, हे पालिकेनं ओळखलं होतं. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. माकडं पाहायला आलेलं पोर परत जाताना झाडाखालूनच जातं.

माझं लहानपण या पालिकेच्या बागेत गेलं. माझा जन्म पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा. १९६४ च्या मार्चअखेर मुंबईची ट्राम बंद झाली, तोवर आमच्या लालबागवरून ती राणीच्या बागेवरून बोरीबंदरला जायची. आम्ही मात्र ट्रामचे पैसे वाचवून चालत जायचो आणि वाचलेल्या पैशांचे चणे घ्यायचो. वडील गिरणीत रात्रपाळीला. रविवारी दुपारी आम्हा चौघांना बागेत आणायचे आणि स्वतः गवतावर टॉवेल टाकून झोपायचे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहणाऱ्याला दिवसाउजेडी पाय ताणून झोपायला मिळणं ही केवढी चैन होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं, आण्णांना प्राण्यांची आवड नाही. आम्ही हत्तीवर बसायचा हट्ट करायचो. एकदाच बसलो. अजून ती हिंदकळण आठवते.

पालिकेच्या कारभाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऐच्छिक काम म्हणजे कोणाच्याच लक्षात नसलेलं काम. शहरात जे नकोसं झालं ते राणीच्या बागेत आणून ठेवायचं, अशी एक पद्धतच पडली. काळ्या घोड्यावर बसलेला एडवर्ड १९६५ मध्ये त्याच्या चौकातून उचलला तो इथं आणून उभा केला. घारापुरीचा दगडी हत्तीही असाच. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता, उचलताना साखळदंडासकट पडून फुटला, तुकडे या बागेत आले आणि पुढं १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. पिंजरे तर पाहवत नव्हते. सिमेंटच्या खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारणारा वाघ मी १९८३ मध्ये मुलांना दाखवला, तेव्हा मुलं हसली नाहीत. गिरणी बंद पडल्यावर घरात अशाच फेऱ्या मारणारी माणसं ती रोज बघत होती.

म्हणून परिस्थिती बदलली तेव्हा मला आधी आनंदच झाला. सुरुवात संग्रहालयापासून झाली. त्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी करार केला. दुरुस्तीचं काम अत्यंत देखणं झालं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. इमारत पालिकेची, पैसा आणि हात बाहेरचेही. असं होऊ शकतं, हे तिथं दिसलं.

त्याच सुमारास, २००७ मध्ये, संपूर्ण बागेच्या कायापालटाचा आराखडा चर्चेत आला. परदेशी सल्लागार, शेकडो कोटींचा खर्च, जगभरचे प्राणी. काही जागरूक मंडळींनी, त्यातही बऱ्याच बायकांनी, आराखडा नीट वाचला आणि विचारलं, की एवढे पिंजरे बसवायचे तर झाडांचं काय? इथं गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, फुललेली पाहायला नशीब लागतं अशी उर्वशी आहे. हजारो झाडं, शेकडो जाती. शहराच्या मध्यावर असं दुसरं वनस्पतीउद्यान नाही. या मंडळींनी वर्षानुवर्षं अर्ज केले, झाडं मोजली, लोकांना बागेत फिरवून ती ओळखायला शिकवलं. मूळ आराखडा होता तसा पुढं गेला नाही. १८३५ च्या सभेचं काम, म्हणजे झाडांसाठी भांडणं, दीडशे वर्षांनी पुन्हा सभासदांनीच केलं, फक्त या वेळी त्यांच्यात कोणी शेट किंवा साहेब नव्हता.

पुढं जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये दगावला, बरीच ओरड झाली. मार्च २०१७ मध्ये ते लोकांना पाहायला खुले झाले आणि मुंबई लोटली. ऑगस्ट २०१७ पासून प्रवेशशुल्क वाढलं. आधी मोठ्यांना पाच रुपये आणि लहानांना दोन. आता मोठ्यांना पन्नास, लहानांना पंचवीस, आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर. महापालिका शाळांच्या मुलांना माफ. त्याच्या महिनाभर आधी, १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण माझ्या १९८३ च्या उत्तरातली जकात आणि दारातलं नाममात्र तिकीट, दोन्ही एका पावसाळ्यात गेली, ही नोंद मी डायरीत केली आहे.

२०१८ च्या मे महिन्यात नातवाला घेऊन गेले. बाग चकाचक होती. पेंग्विन काचेमागे पोहत होते आणि नातू काचेला नाक लावून उभा होता. मला खोटं बोलवत नाही, मीसुद्धा दहा मिनिटं हलले नाही. पण तिकिटाच्या रांगेत आमच्या पुढं एक कुटुंब होतं. नवराबायको, दोन मुलं आणि बायकोची धाकटी बहीण. बाईंनी पर्समधले पैसे मोजले. शंभर चौघांचे, पन्नास बहिणीचे, वर परतीची बस आणि आत गेल्यावर मुलं काहीतरी मागणारच. बहीणच म्हणाली, "ताई, तुम्ही जाऊन या. मी इथं सावलीत बसते, मला कुठं पेंग्विन बघायचेत." ती हसत म्हणाली. मी तिचं तिकीट काढायला पुढं होणार होते, पण तिचा मान राखावा की पन्नास रुपये द्यावेत, हे माझं ठरेपर्यंत ती बाकावर जाऊन बसलीसुद्धा. ते अजून मनाला लागून राहिलंय.

पन्नास रुपये जास्त नाहीत, हे मला पटतं. सिनेमाला त्याच्या कितीतरी पट जातात. शिवाय हिशेबही स्पष्ट आहे. दर वाढले आणि पेंग्विनमुळे गर्दी वाढली, त्यानं बागेचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. पण पेंग्विन थंडीतले. त्यांना चोवीस तास गार हवा, गार पाणी, मासळी, डॉक्टर लागतात. २०२१ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी साधारण पंधरा कोटींची निविदा निघाली, तेव्हा पुन्हा ओरड झाली आणि पालिकेनं वाढलेल्या उत्पन्नाकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला मात्र त्यात व्हॉक्सहॉल दिसतं. ज्या बागेचं घर तिकिटावर चालतं, तिला दर काही वर्षांनी नवा पाहुणा आणावाच लागतो.

आणि झाडाला तिकीट नसतं. उर्वशी फुलली म्हणून कोणी रांग लावत नाही. गोरखचिंचेच्या सावलीत झोपलेल्या कामगाराकडून काही वसूल होत नाही. उत्पन्न हाच निकष ठेवला तर बागेत सगळ्यात निरुपयोगी वस्तू म्हणजे झाड, आणि दुसरी म्हणजे नुसता बसून राहणारा माणूस. राणीची बाग या दोघांसाठी आहे, असं मला वाटतं.

यावर आमच्या पुण्याच्या वन्संचं म्हणणं वेगळं. त्या एम्प्रेस गार्डनचं उदाहरण देतात. तिथं त्याच जुन्या नावाची अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी आजही बाग चालवते. तिकीट आहे, जानेवारीत मोठं पुष्पप्रदर्शन भरतं, त्याचं उत्पन्न बागेला जातं, आणि झाडं कशी जपली आहेत बघ, असं त्या म्हणतात. वन्सं, तुमचं खरं आहे. मुंबईत सभा मोडली, पुण्यात चालते. पण पुण्याला एम्प्रेस गार्डनखेरीज सारसबाग आहे, पर्वती आहे. आमच्या भायखळा-परळच्या माणसाला रविवारी पाय ताणायला एवढी मोठी दुसरी जागा कुठली?

मला कोणी विचारणार नाही, पण मास्तरीण असल्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. बागेत शिरायला जवळजवळ काही लागू नये. झाडं, पाणी, माळी, बाकं, संडास हे पालिकेच्या नेहमीच्या कराच्या पैशातून चालावं, कारण ते सगळ्यांनी आधीच दिलेले पैसे आहेत. पेंग्विन पाहायचे त्यानं आत वेगळं तिकीट काढावं, हवं तर शंभराचं काढावं. म्हणजे करमणूक स्वतःच्या पायावर उभी राहील आणि ती पडली तरी बागेला घेऊन पडणार नाही. दाते आले तर त्यांचं स्वागत, संग्रहालयासारखं. फक्त देणगी घेताना दरवेळी विचारावं, की माळ्याचं काय?

त्या मुलीची पुढं गाठ पडली नाही. आठवीत तिची शाळा सुटली, कुटुंब सावंतवाडीकडे गेलं असं ऐकलं. आता ती पन्नाशी ओलांडून गेली असेल. कधी मुंबईत आली, नातवंडांना घेऊन राणीच्या बागेत गेली, तर खिडकीशी उभी राहून तिला काय वाटेल? तिला मी सांगितलं होतं, की तुझ्या आईनं आधीच दिलेत.

वही रद्दीत दिली नाही. सूनबाईंनी पान वाचलं आणि स्वतःच ती कपाटात ठेवली. तुमच्यापैकी कोणी राणीच्या बागेतल्या हत्तीवर बसलं असेल, कोणाला बँड वाजताना आठवत असेल, तर जरूर लिहून कळवा. आणि जाल तेव्हा पेंग्विन पाहून झाल्यावर थोडं आत, झाडांकडेही जा. बुधवारी मात्र जाऊ नका, बाग बंद असते.